कडेने सुरू झालेला डाव

हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूर हे गाव समाजाला भगवान मल्लिनाथांच्या अतिशय क्षेत्रामुळे परिचित आहे. औंढा नागनाथ आणि वसमत यांच्या दरम्यानचा हा परिसर हळदीसाठीही ओळखला जातो. येथील शेतकरी मूग पेरतो, तेव्हा साठ-सत्तर दिवसांत शेंगा हाती येतात. हळदीचे बेणे लावतो, तेव्हा मात्र आठ-नऊ महिने थांबावे लागते. वर केवळ पाने दिसतात. खरे धन जमिनीखाली पोसत असते. या काळात शेतकरी रिकामा बसलेला नसतो. खुरपणी, पाणी, खत, मातीची भर ही कामे वेळच्या वेळी झाली नाहीत, तर थांबण्याचे मोल हाती पडत नाही. थांबणे आणि दुर्लक्ष करणे या दोहोंतील अंतर हळदीच्या शेतात लगेच कळत नाही, काढणीच्या वेळी मात्र नेमके कळते.

बुद्धिबळाच्या पटावरही अशा दोन प्रकारच्या सुरुवाती आहेत. काही सुरुवातींत पहिल्याच चालीला मध्यभागी प्यादे पुढे जाते आणि थोड्याच वेळात चकमक उडते. काही सुरुवातींत खेळाडू मध्यभाग तूर्त मोकळा ठेवतो, कडेच्या बाजूने मोहरी मांडतो आणि संधीची वाट पाहतो. या दुसऱ्या प्रकाराला कडेची सुरुवात म्हणता येईल. अशा सुरुवातीचे सामर्थ्य कोणते आणि तिच्यातील धोका कोणता, याचा विलक्षण वस्तुपाठ डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूर येथे जगाला पाहावयास मिळाला.

चौदा डावांची लढत

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी सिंगापूर येथे जगज्जेतेपदाची लढत सुरू झाली. एका बाजूस २०२३ मध्ये अस्ताना येथे इयान नेपोम्नियाशीला हरवून जगज्जेता झालेला चीनचा डिंग लिरेन होता. दुसऱ्या बाजूस चेन्नईचा अवघ्या अठरा वर्षांचा आव्हानवीर दोम्माराजू गुकेश. डाव एकूण चौदा. विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा, आणि साडेसात गुण प्रथम मिळवील तो जगज्जेता. चौदा डावांनंतरही गुण समान राहिले, तर दुसऱ्या दिवशी जलद डावांनी निकाल लावावयाचा, असा नियम होता.

बक्षिसाची रक्कम २५ लाख डॉलर होती आणि तिची वाटणी व्यापारी मनाला रुचेल अशी होती. प्रत्येक विजयी डावास दोन लाख डॉलर आणि उरलेली रक्कम दोघांत निम्मी-निम्मी. अखेरीस गुकेशचे तीन व डिंगचे दोन विजय झाले. विजयांचे दहा लाख वजा जाता पंधरा लाख उरले, त्यांतील साडेसात-साडेसात लाख प्रत्येकाच्या वाट्यास आले. अशा रीतीने गुकेशला साडेतेरा लाख आणि डिंगला साडेअकरा लाख डॉलर मिळाले. दोघांच्या रकमेतील अंतर एका विजयाएवढे, म्हणजे दोन लाखांचे होते. ते अंतर शेवटच्या डावातील एका चालीने पडले.

दहा डावांनंतर गुण पाच-पाच असे समान होते. पुढील चार डावांपैकी तीन निकाली ठरले. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हे तिन्ही डाव कडेच्या सुरुवातीने खेळले गेले. ८ डिसेंबरचा अकरावा डाव गुकेशने जिंकला, ९ डिसेंबरचा बारावा डिंगने आणि १२ डिसेंबरचा चौदावा पुन्हा गुकेशने. मधला तेरावा डाव गुकेशने राजापुढील प्यादे दोन घरे सारून, म्हणजे मध्यभागातून सुरू केला होता. तो ६९ चालींनंतर बरोबरीत सुटला.

मधली चार घरे

जे वाचक बुद्धिबळ नियमित खेळत नाहीत, त्यांच्यासाठी येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. पटावर चौसष्ट घरे असली, तरी मधल्या चार घरांचे मोल सर्वाधिक असते. मध्यभागी उभा असलेला घोडा आठ घरांवर नजर ठेवतो. कोपऱ्यातल्या घोड्याला दोनच घरे मिळतात. म्हणून राजापुढील किंवा वजिरापुढील प्यादे पहिल्याच चालीत दोन घरे पुढे सारून मध्यभाग ताब्यात घ्यावा, हा उपदेश पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. भर चौकात दुकान असावे, तसाच हा विचार आहे.

परंतु भर चौकातील दुकानाला पागडी मोठी, भाडे मोठे, आणि सर्वांचा डोळाही त्याच्यावरच. गल्लीतील व्यापारी कमी खर्चात माल साठवतो, चौकातील भावावर लक्ष ठेवतो आणि योग्य वेळी आपला माल बाजारात आणतो. कडेच्या सुरुवातीचा विचार हाच आहे. मध्यभागी प्यादी उभी करण्याऐवजी दुरून त्या घरांवर दाब ठेवावयाचा. त्यासाठी राजाच्या घोड्यापुढील प्यादे एक घर सारून तेथे उंट बसवतात. त्या घरातून उंटाची नजर पटाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतच्या कर्णावर जाते. प्रतिस्पर्ध्याने मध्यभागी उभारलेली प्यादी मग त्याचे बळ न राहता त्याच्यावरचा भार होऊ शकतात, कारण त्यांचे रक्षण करण्यात त्याची मोहरी अडकून पडतात.

या विचाराचा इतिहास मोठा आहे. १८४३ मध्ये पॅरिस येथे इंग्लंडच्या हॉवर्ड स्टाँटनने फ्रान्सच्या सेंट-अमाँविरुद्धच्या लढतीत वजिराच्या उंटापुढील प्यादे दोन घरे सारून अनेक डाव सुरू केले. ती सुरुवात पुढे 'इंग्लिश ओपनिंग' या नावाने रूढ झाली. पहिल्या महायुद्धानंतर रिचर्ड रेटी आणि त्याच्या पिढीतील काही खेळाडूंनी मध्यभागाविषयीच्या जुन्या समजुतीलाच प्रश्न विचारला. २२ मार्च १९२४ रोजी न्यूयॉर्क येथे रेटीने तत्कालीन जगज्जेता होसे राउल कॅपाब्लांका याचा पराभव केला. कॅपाब्लांका त्यापूर्वी आठ वर्षे एकही डाव हरला नव्हता. रेटीने पहिल्या चालीत घोडा काढला, दुसऱ्या चालीत उंटापुढील प्यादे आणि तिसऱ्या चालीत वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढील प्यादे दोन घरे पुढे सारले. मध्यभागी त्याचे एकही प्यादे नव्हते. एकतिसाव्या चालीला कॅपाब्लांकाने हार मानली.

देशी पद्धतीचे ऋण

या 'नव्या' विचारात भारताचा वाटा आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. महाराष्ट्रात व अन्यत्र पूर्वी जे देशी बुद्धिबळ खेळले जात असे, त्यात प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे जाण्याची मुभा नव्हती. सगळी प्यादी एकेक घर सरकत. आजच्यासारखा किल्लेकोटही नव्हता. शह बसलेला नसेल तर राजाला एकदाच घोड्याप्रमाणे उडी घेता येई. अशा नियमांत मध्यभागी झटपट चढाई करणे शक्यच नव्हते. खेळाडू प्रथम आपली फळी सावकाश बांधत, उंटाला कडेच्या कर्णावर बसवत आणि मग लढाईस उतरत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कोलकात्यात जॉन कॉक्रेन या ब्रिटिश खेळाडूशी महेशचंद्र बॅनर्जी अनेक डाव खेळले. विलायती नियम स्वीकारल्यावरही त्यांनी आपली देशी वळणाची मांडणी सोडली नाही. १८५५ मधील त्यांच्या एका डावात काळ्या मोहऱ्यांनी केलेली मांडणी ही पुढे १९२२ मध्ये अर्न्स्ट ग्रुनफेल्ड याच्या नावाने ज्ञात झालेल्या बचावाची पहिली नोंद मानली जाते. बुद्धिबळाच्या ग्रंथांत आजही 'किंग्ज इंडियन', 'क्वीन्स इंडियन' अशी नावे आढळतात, त्यांतील 'इंडियन' हा शब्द या परंपरेची खूण आहे. सिंगापूरच्या चौदाव्या डावात डिंगने केलेली मांडणी ग्रुनफेल्डचीच होती, फक्त रंग उलटे होते. काळ्यासाठीची रचना त्याने पांढऱ्याने उभी केली.

तथापि कडेची सुरुवात म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. १९७० मध्ये बेलग्रेड येथे डेन्मार्कच्या बेंट लार्सनने बोरिस स्पास्कीविरुद्ध पहिल्या चालीत वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढील प्यादे एक घर सारले. पुढे मात्र त्याने मोहरी बाहेर काढण्यात आणि राजाला सुरक्षित करण्यात दिरंगाई केली. अवघ्या १७ चालींत त्याला हार मानावी लागली. मध्यभाग प्रतिस्पर्ध्याला उसना दिला, तर तो वसूल करण्याची तजवीज आधीच करावी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

एक दिवस गुकेशचा, एक दिवस डिंगचा

अकराव्या डावात गुकेश पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता. त्याने रेटीचीच वाट धरली. पहिल्या चालीत घोडा, दुसऱ्या चालीत उंटापुढील प्यादे आणि तिसऱ्या चालीत वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढील प्यादे दोन घरे. न्यूयॉर्कमधील त्या डावानंतर बरोबर शंभर वर्षांनी तीच तिसरी चाल जगज्जेतेपदाच्या पटावर अवतरली. डिंग विचारात पडला आणि चौथ्याच चालीला त्याचा अर्ध्या तासाहून अधिक वेळ खर्च झाला. पुढे गुकेशलाही अकराव्या चालीला सुमारे तासभर लागला. दोघांनाही वेळेची ओढाताण झाली. अखेर अठ्ठाविसाव्या चालीला डिंगने वजीर चुकीच्या घरात नेला. गुकेशने आपल्या वजिराने घोडा मारला; तो वजीर परत मारल्यास काळ्याचा हत्ती जात होता. २९ चालींत डाव संपला. गुण झाले सहा-पाच.

दुसऱ्याच दिवशी डिंगने इंग्लिश ओपनिंग खेळून उत्तर दिले. कडेची सुरुवात कशासाठी असते, हे समजून घ्यावयाचे असेल तर हा बारावा डाव अभ्यासावा. पहिल्या सतरा चालींत डिंगने मध्यभागी घाई केली नाही. उंट कर्णावर बसवला, किल्लेकोट केला, हत्ती मधल्या पट्ट्यांवर आणले, राजाला एक घर बाजूला सरकवले. सगळी तयारी झाल्यावर अठराव्या चालीला वजिराच्या पट्टीतील प्यादे मध्यभागी आले. सव्विसाव्या चालीला ते पाचव्या रांगेत गेले, सत्ताविसाव्या चालीला सहाव्या आणि छत्तिसाव्या चालीला सातव्या रांगेत पोहोचले. ३९व्या चालीला गुकेशने हार मानली. पुन्हा सहा-सहा. जमिनीखाली पोसलेली हळद ऐन वेळी बाहेर निघावी, तसा तो डाव होता.

अखेरचा दिवस

१२ डिसेंबरला चौदावा डाव सुरू झाला, तेव्हा गुण साडेसहा-साडेसहा असे समान होते. सिंगापूरमध्ये सायंकाळचे पाच आणि भारतात दुपारचे अडीच वाजले होते. मुंबईच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला आणि शिरड शहापूरच्या दुकानात मोबाइल उघडून बसलेल्या मुलाला तोच पट त्याच क्षणी दिसत होता. या खेळाचे हे एक मोठे वैशिष्ट्य आहे. जगज्जेत्यांच्या डावाची प्रत्येक चाल नोंदली जाते आणि ती कोणालाही विनामूल्य मिळते.

पांढरी मोहरी डिंगकडे होती. त्याने पहिल्या चालीला घोडा काढला, दुसऱ्या चालीला राजाच्या बाजूच्या घोड्यापुढील प्यादे एक घर सारले आणि तिसऱ्या चालीला उंट जी-२ या घरात, लांब कर्णावर बसवला. पाचव्या चालीला किल्लेकोट झाला. ही मांडणी निर्दोष होती आणि सुरुवातीस डिंगची बाजू किंचित सरसही होती.

येथून पुढे डिंगच्या खेळाचे वळण बदलले. बाराव्या डावात त्याने तयारी केली ती मध्यभागी धडक मारण्यासाठी. चौदाव्या डावात मात्र तयारी झाल्यावर त्याने मोहऱ्यांची अदलाबदल सुरू केली. पटावर मोहरी जितकी कमी, तितकी बरोबरीची शक्यता अधिक, हा त्यामागचा हिशेब. बरोबरी झाली असती तर दुसऱ्या दिवशी जलद डाव होणार होते आणि त्या प्रकारात डिंगचे पारडे जड आहे, असे अनेक जाणकारांचे मत होते. हिशेब अगदीच चुकीचा होता, असे म्हणता येणार नाही. एकोणतिसाव्या चालीला तर वजिरांची अदलाबदल व्हावी म्हणून त्याने एक प्यादे दिले. थोड्या चालींनी एकेक हत्तीही पटावरून गेला.

आता दोघांकडे राजा, एक हत्ती आणि एक उंट उरला होता. डिंगकडे दोन प्यादी, गुकेशकडे तीन. आणि सगळी प्यादी पटाच्या एकाच बाजूस. ग्रंथ सांगतात की असे स्थान काळजीपूर्वक खेळल्यास बरोबरीत सोडवता येते. पाहणाऱ्या बहुतेकांनी दुसऱ्या दिवशीच्या जलद डावांची चर्चाही सुरू केली होती.

गुकेशने मात्र बरोबरी स्वीकारली नाही. एक प्यादे अधिक होते, गमावण्यासारखे फारसे नव्हते. म्हणून तो खेळत राहिला. त्याच्या चालींत चमकदार असे काही नव्हते. हत्ती एका घरातून दुसऱ्या घरात, राजा एक पाऊल पुढे, प्यादे एक पाऊल पुढे. प्रत्येक चाल प्रतिस्पर्ध्याला एक नवा छोटा प्रश्न विचारी आणि डिंगला प्रत्येक प्रश्नाचे अचूक उत्तर द्यावे लागे. अशी सुमारे पंचवीस उत्तरे त्याने बिनचूक दिली. पहिल्या चाळीस चालींसाठी दोन तास, पुढील सर्व चालींसाठी अर्धा तास आणि एक्केचाळिसाव्या चालीपासून प्रत्येक चालीमागे तीस सेकंदांची भर, अशी वेळेची रचना होती. डिंगकडे शिल्लक वेळ प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमी होता आणि थकवा वाढत चालला होता.

पंचावन्नावी चाल

त्रेपन्नाव्या चालीला डिंगने आपला उंट ए-८ या घरात, पटाच्या अगदी दूरच्या कोपऱ्यात नेला. हा तोच उंट होता, जो तिसऱ्या चालीला जी-२ घरात बसला होता. संपूर्ण डावात तो त्या एकाच लांब कर्णावर वावरला. कधी मध्यभागी, कधी कडेला, आणि आता कर्णाच्या टोकाला. दुरून नजर ठेवण्यासाठी हे घर तसे वाईट नव्हते. परंतु कोपऱ्यातील उंटाला मागे सरकण्यास जागा नसते.

चौपन्नाव्या चालीला गुकेशचा राजा पटाच्या मध्यभागी, ई-५ घरात आला आणि त्याने पांढऱ्या हत्तीवर हल्ला केला. हत्तीला हलणे भाग होते. चौथ्या रांगेतच तो दूर सरकला असता, तर बचाव टिकला असता. डिंगने तो मागे, एफ-२ घरात आणला. या चालीत त्याने हत्तींची अदलाबदल देऊ केली. आतापर्यंत प्रत्येक अदलाबदल त्याला बरोबरीच्या जवळ नेत होती. हीही तशीच, असे त्याला वाटले असावे.

गुकेशने चाल पाहिली, पाण्याची बाटली उचलली आणि पुन्हा पटाकडे पाहिले. मग त्याच्या ध्यानात आले. हत्ती गेल्यावर काळा उंट डी-५ घरात आला, की कोपऱ्यातील पांढऱ्या उंटाला सुटकाच नव्हती. त्या उंटाने काळा उंट मारला तर काळा राजा त्याला मारणार. न मारला तर तो स्वतः मारला जाणार. दोन्ही उंट पटावरून गेल्यावर राजा व प्यादी एवढेच उरणार होते. दोन प्याद्यांपुढे एका प्याद्याचा निभाव लागणार नव्हता. हत्तींची अदलाबदल झाली, छप्पन्नाव्या चालीला काळा उंट डी-५ घरात आला, सत्तावन्नाव्या चालीला उंटही गेले आणि ५८ चालींनंतर डिंगने हार मानली.

अठराव्या वर्षी गुकेश अठरावा जगज्जेता झाला. १९८५ मध्ये गॅरी कास्पारोव्हने बाविसाव्या वर्षी केलेला विक्रम मागे पडला. विश्वनाथन आनंदनंतर हा मान मिळवणारा तो दुसरा भारतीय. विजयानंतर त्याला अश्रू आवरेनात. पण त्या अवस्थेतही त्याने पटावरील मोहरी पुन्हा आपापल्या घरांत नीट लावून ठेवली. पत्रकारांपुढे त्याने डिंगचा खरा जगज्जेता असा गौरव केला. आपल्याला खंत नाही, असे सांगण्याचा उमदेपणा डिंगनेही दाखवला. जय-पराजयाच्या त्या घटकेस दोघांनी राखलेली ही सभ्यता त्या डावाइतकीच लक्षात ठेवण्याजोगी आहे.

संयम आणि टाळाटाळ

तीन डाव, तिन्हींची सुरुवात कडेने. मग निकाल वेगवेगळे का लागले? सुरुवात तर तिन्ही वेळा योग्यच होती. फरक पडला तो थांबण्याच्या हेतूत. अकराव्या डावात गुकेशने आणि बाराव्यात डिंगने मध्यभाग सोडला, तो पुढे परत घेण्यासाठी. चौदाव्या डावात डिंगने तो सोडला आणि मग लढतच संपावी, अशी इच्छा धरली. पहिला संयम आहे, दुसरी टाळाटाळ. दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. दोन्हींत माणूस शांत असतो, जोखीम घेत नाही, सावध पावले टाकतो. परंतु संयमी माणसाची नजर पुढच्या कामावर असते. टाळणाऱ्याची नजर घड्याळावर असते.

पेढी चालवणाऱ्यांना हा भेद नवा नाही. भाव पडले असता माल राखून ठेवणारा व्यापारी गोदामातील ओल, व्याजाचा बोजा आणि आवकेचा अंदाज रोज तपासतो. त्याचे थांबणे हा व्यवहार असतो. दुसरा केवळ तोटा मान्य करावा लागू नये म्हणून थांबतो आणि खतावणी उघडण्याचेच टाळतो. पहिल्या महिन्यात दोघांची गोदामे सारखीच दिसतात. वर्षअखेरीस ताळेबंद मांडला, की कोण कशासाठी थांबला होता ते उघड होते. मोठी चूकही बहुधा अशाच वेळी होते. आजवर प्रत्येक वेळी उपयोगी पडलेला एखादा व्यवहार माणूस सवयीने पुन्हा करतो आणि परिस्थिती बदलली आहे हे पाहावयाचे राहून जाते. डिंगची पंचावन्नावी चाल ही अशा सवयीचीच चाल म्हणता येईल. तिच्यापूर्वीच्या अदलाबदलींनी त्याला तारले होते. उंट कोपऱ्यात गेल्यावर तीच अदलाबदल घातक झाली.

दुसऱ्या बाजूस गुकेशची चिकाटी आहे. एका प्याद्याची बढत त्याला क्षुल्लक वाटली नाही. तिचे विजयात रूपांतर होईलच अशी खात्री नसतानाही ती त्याने जपली आणि तीस चालींपर्यंत प्रश्न विचारत राहिला. लहान नफ्याचा कंटाळा न करणे, हा गुण बाजारपेठेत जन्मलेल्या मुलांना वेगळा शिकवावा लागत नाही. पण तो टिकवावा लागतो.

महाराष्ट्राच्या पटावर

महाराष्ट्राला हा खेळ परका नाही. मुंबईचे प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये भारताचे तिसरे ग्रँडमास्टर झाले. पुण्याचे अभिजित कुंटे, नाशिकचा विदित गुजराथी यांनी ती परंपरा पुढे नेली. २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी सुवर्णपदके जिंकली. त्यांत विदित होता आणि नागपूरची दिव्या देशमुखही होती.

दिव्याचे पुढचे यश तर या लेखातील विषयाशी थेट जुळते. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत एकोणीस वर्षांच्या दिव्यासमोर अनुभवी कोनेरू हंपी होती. दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैचा पहिला जलद डावही बरोबरीत गेला. दुसऱ्या जलद डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळताना दिव्या जागी राहिली. घड्याळाचा काटा पुढे सरकत असता हंपीकडून चुका झाल्या आणि विश्वचषक दिव्याच्या हाती आला. त्याबरोबरच ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. सिंगापूर आणि बाटुमी, दोन्हीकडे निकाल लागला तो दीर्घ शांततेनंतर. त्या शांततेत जो जागा राहिला, त्याचा विजय झाला.

घरात मुले असतील आणि बुद्धिबळाचा पट असेल, तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी हा चौदावा डाव पटावर मांडून पाहावा. त्याला शुल्क नाही, शिकवणी नाही, मोठ्या शहरात जाण्याची गरज नाही. डावाची नोंद समोर ठेवावी. एकाने पांढरी आणि एकाने काळी मोहरी चालवावी. चौपन्नाव्या काळ्या चालीपर्यंत पोहोचल्यावर नोंद झाकून ठेवावी आणि पांढऱ्या हत्तीसाठी घर शोधण्यास मुलांना सांगावे. घाई करू नये. मुलाने एफ-२ हे घर सुचवले, तर ते चूक आहे असे सांगू नये. पुढच्या तीन चाली त्यालाच खेळू द्याव्यात. कोपऱ्यात सापडलेला उंट त्याला स्वतःलाच दिसेल.